बोटभर उंचीची फौज : प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचं गाव आहे. 11 ऑक्टोबर 1724 रोजी तिथं निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला. निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं, आणि पुढे सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या आसफजाही राज्याचा पाया त्या दिवशी घातला गेला. इतिहासाची पुस्तकं एवढं सांगून पुढे जातात. पण हीच लढाई टेबलावर मांडायला घेतली की सुरुवातीलाच अडतं. मुबारिझखानाच्या घोडेस्वाराचा अंगरखा कोणत्या रंगाचा करायचा? दोन्ही फौजा मोगली घडणीच्या आणि गणवेश कुणालाच नाही, मग समोरासमोर उभ्या केल्यावर त्या ओळखायच्या कशा? निशाणं कसली, घोडे कोणत्या अंगाचे, पायाखालची जमीन काळी की मुरमाड?

लिहिताना रंग गाळता येतो, रंगवताना गाळता येत नाही. 28 मिलिमीटर उंचीचा स्वार हातात असला की त्याच्या अंगरख्याला कोणता तरी रंग द्यावाच लागतो, आणि तोच का दिला हे विचारणाऱ्याला सांगता यावं लागतं. लढायांचा खेळ आणि त्यासाठी रंगवलेल्या छोट्या आकृती हा जगभर पसरलेला छंद आहे. मराठीत त्यावर सलग लेखन जवळजवळ नाही. हा छंद इतिहासाची चौकशी करायला भाग पाडतो, आणि आपल्याकडच्या लढायांना या चौकशीची फार गरज आहे, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका मोठ्या टेबलावर टेकड्या, ओढे, गावं मांडायची. दोन खेळाडूंनी आपापल्या फौजा समोरासमोर उभ्या करायच्या. कोण किती इंच सरकेल ते मोजपट्टीने मोजायचं, गोळी लागली की चुकली ते फाशांवर ठरवायचं. तुकडीने मार खाल्ला तर ती टिकते की पळते, यालाही नियम असतात. मोठ्या लढाईत टेबलावरचा एक शिपाई खऱ्या वीस, तीस किंवा पन्नास माणसांच्या जागी उभा असतो. छोट्या चकमकीत एक आकृती म्हणजे एकच माणूस. आकृत्यांची मापंही ठरलेली आहेत. 6 मिलिमीटरच्या आकृतीत माणूस म्हणजे तांदळाचा दाणा, 15 मध्ये पागोटं आणि ढाल वेगळी दिसते, 28 मध्ये चेहरा रंगवता येतो. 54 मिलिमीटरच्या आकृत्या आता मुख्यतः कपाटात ठेवण्यासाठी रंगवतात. वाहनांचा हिशेब प्रमाणात सांगतात : 1/72, 1/56, 1/35 असा.

या खेळाची मुळं शोधत गेलं की वाट आपल्याच दारात येते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चतुरंगाची चार अंगं म्हणजे पटावर मांडलेली फौजच. तो खेळ इराण आणि अरबस्तानातून युरोपात बुद्धिबळ होऊन गेला. 1780 मध्ये हेलविग या जर्मन गणितज्ञाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात डोंगर, नद्या आणि तोफखाना आणला. 1812 मध्ये राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने प्रशियाच्या राजाला खणांचं एक टेबल करून दिलं. त्याच्या मुलाने 1824 मध्ये नियम सुधारून तो खेळ नकाशावर आणला, आणि प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो स्वीकारला. इथपर्यंत हा खेळ लष्करी अधिकाऱ्यांचा होता.

तो घरात आला खेळण्यातल्या शिपायांमुळे. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने 1893 मध्ये आतून पोकळ शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली. ते स्वस्त होते, त्यामुळे मध्यमवर्गीय मुलांच्या हाती पलटणी आल्या. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये याच शिपायांसाठी घरच्या जमिनीवर खेळायचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात दिले. वेल्स युद्धाचे विरोधक होते, आणि टेबलावरची लढाई खेळून पाहिलेल्या माणसाला खऱ्या युद्धातला मूर्खपणा अधिक कळतो असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॅक स्क्रूबी यांनी लहान मापाचे धातूचे शिपाई ओतले आणि 1957 मध्ये या छंदाला वाहिलेलं नियतकालिक काढलं. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचं 'वॉर गेम्स' 1962 मध्ये आलं. एअरफिक्स कंपनीच्या प्लास्टिकच्या आकृत्या आणि रणगाड्यांच्या जोडणीच्या खोक्यांमुळे शाळकरी मुलांनाही फौज परवडू लागली. 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने इतिहास सोडून कल्पनेच्या जगाकडे वाट काढली. 1983 मध्ये 'वॉरहॅमर' आणि 1987 मध्ये त्याचं भविष्यकाळातलं रूप 'वॉरहॅमर 40,000' आलं. आज जगात या छंदात नव्याने येणारी बहुतेक मुलं त्याच दारातून येतात. भारतातल्या मोठ्या शहरांत दिसणारे खेळाडूही मला मुख्यतः तिथलेच दिसतात.

रंगवण्याच्या पद्धतींबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण नवख्या माणसाचा गोंधळ इथंच होतो. इंटरनेटवर पाच जण पाच तऱ्हा शिकवतात आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणतो. प्रत्यक्षात ही वेगवेगळी घराणी आहेत आणि प्रत्येकाची गरज वेगळी होती.

सर्वांत जुनी पद्धत खेळण्यातल्या शिपायांची : चकचकीत एनॅमल, एका भागाला एकच रंग, गालांवर गुलाबी ठिपका. ती दुकानाच्या काचेआडून उठून दिसावी म्हणून होती. आकृत्या लहान झाल्या आणि खेळाडू उभा राहून वरून पाहू लागला, तेव्हा ती पुरेनाशी झाली. छोट्या वस्तूवर खऱ्या उजेडाची सावली फार फिकी पडते. अंगरख्याच्या चुणीत खरी सावली असते, पण ती केसाएवढी असल्यामुळे डोळ्याला दिसत नाही. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच काढावे लागतात. पुढच्या सगळ्या पद्धती याच एका अडचणीवरचे उपाय आहेत.

ब्रिटिश खेळाडूंनी काळ्या अस्तरावर तीन छटांची रीत घडवली. खोलगट भागात गडद, मधे मूळ रंग, उंचवट्यावर फिका, आणि तिन्हींच्या कडा मुद्दाम स्पष्ट ठेवलेल्या. जवळून ती भरड दिसते, दोन हातांवरून लखलखीत. केव्हिन डॅलिमोर यांनी ती पुस्तकांतून लोकप्रिय केली. 'वॉरहॅमर'च्या आकृत्या काढणाऱ्या नॉटिंगहॅमच्या सिटाडेल घराण्याने बेसकोट (मूळ रंगाचा थर), त्यावर खोलगट भागात उतरणारा पातळ वॉश, मग ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग) आणि शेवटी कडांवर बारीक फिकी रेघ असा क्रम बसवला. 1987 पासून 'गोल्डन डीमन' ही त्यांची स्पर्धा या कलेतलं मोठं मानाचं ठिकाण आहे. फ्रान्स आणि स्पेनमधल्या रंगाऱ्यांनी छटा एकमेकींत विरघळवण्याची आणि सोन्याचांदीचा रंग न वापरता पिवळ्या-तपकिरी आणि निळ्या-राखाडी छटांतून धातू भासवण्याची रीत शिखराला नेली. याच्या अगदी उलट जॉन ब्लांश यांची मळकट, गंजकट, मोजक्या रंगांची शैली. 2019 मध्ये आलेल्या काँट्रास्ट रंगांनी एकाच हातात सावली आणि उजेड देण्याची सोय केली. त्यांच्यावर नाक मुरडणारे आहेत. ज्याला शंभर मावळे दिवाळीपर्यंत उभे करायचे आहेत, त्याने ते निःशंक वापरावेत.

आपल्याकडे या घराण्यांच्या शेजारी बसतील अशा परंपरा आधीपासून आहेत, आणि मराठी वाचकाने सुरुवात तिथून करावी असं माझं मत आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छटा देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : पत्रज, आहैरिक आणि बिंदुज. पत्रज म्हणजे पानाच्या शिरांसारख्या रेघांनी आणि बिंदुज म्हणजे ठिपक्यांनी दिलेली छटा. आजचा रंगारी नेमक्या याच युक्त्या 28 मिलिमीटरच्या गालावर वापरतो. अजिंठ्याची लेणी बुलढाणा जिल्ह्यापासून जवळच आहेत. तिथल्या चेहऱ्यांत नाकाच्या उंचवट्यावर दिलेला फिका रंग पाहून या, हायलाइट कशाला म्हणतात ते कळेल. गणपतीच्या मूर्तिकारांकडे अस्तर, अंगरंग, शेडिंग आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी असा क्रम असतो. आखणी करणाऱ्याचा हात श्वास रोखून चालतो आणि मूर्ती त्या दोन रेघांनी जिवंत होते. सावंतवाडीच्या गंजिफाच्या पानावर दशावतार तळहाताएवढ्या जागेत बसवलेले असतात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी नंदी सजवतात. आणि दिवाळीचा किल्ला तर आहेच. मातीचे बुरूज, गोणपाटाचा डोंगर, अळिवाचं हिरवं गवत, पायऱ्यांवर मावळे. टेबलावरच्या रणभूमीला लागणारं जवळजवळ सगळं मराठी मुलाने दहा वर्षांचं होण्याआधी एकदा केलेलं असतं.

त्या किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या रंगांकडे मात्र एकदा नीट पाहायला हवं. बाजारातल्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मावळ्याला भडक केशरी, झगझगीत जांभळा, पोपटी असे रंग दिलेले असतात. ते आनंदाचे रंग आहेत आणि मुलांच्या किल्ल्यावर ते तसेच असावेत. पण 1724 चा स्वार रंगवताना ते चालणार नाहीत, कारण ते त्या काळी कापडावर सहज येतच नव्हते. पहिला कृत्रिम रंग, जांभळा, 1856 मध्ये विल्यम पर्किनच्या हाती लागला. त्याआधी दख्खनच्या कापडाचा रंग झाडापाल्यातून येई. आल या झाडाच्या मुळांचा विटकरी तांबडा, त्या झाडाची लागवड आपल्या वऱ्हाडातही होत असे. निळीचा निळा, अगदी फिक्या आभाळी छटेपासून काळपट निळ्यापर्यंत. करडईच्या फुलांचा कुसुंबी, सुंदर पण उन्हात लवकर उडणारा. हळदीचा पिवळा, तोही उडणारा. आणि सगळ्यांत जास्त, न रंगवलेलं सुती कापड.

यातून रंगाऱ्याला मोठी शिस्त मिळते. साध्या शिपायाचे कपडे पांढरे करायचे, पण शुद्ध पांढरा डबीतून सरळ लावायचा नाही. मातकट राखाडीपासून वर येत फक्त खांद्यावर आणि पागोट्याच्या पेचांवर पांढऱ्यापर्यंत जायचं. तांबडा आणि निळा मोजून द्यायचा. कुसुंबी आणि जर सरदारासाठी राखायची. अशी फौज उभी केली की साखरखेर्ड्याचा पहिला प्रश्न थोडा सुटतो. दोन्ही बाजू पांढऱ्या-तांबड्याच राहतात, पण एका बाजूची निशाणं आणि सरदारांचे पोशाख उष्ण रंगांत, दुसऱ्या बाजूचे थंड रंगांत ठेवले की वरून पाहणाऱ्याला फौजा वेगळ्या कळतात, आणि खोटा गणवेशही कुणाला चढवावा लागत नाही. हा माझा तोडगा आहे. याहून चांगला कुणाला सुचला तर मी तो आनंदाने उचलेन.

घोड्यांचंही तसंच. इंग्रजी पुस्तकांतले रंगांचे तक्ते पाहून घोडे रंगवले की सगळी फौज इंग्लंडच्या तबेल्यातून आल्यासारखी दिसते. आपल्या भाषेत कुमैत, सब्जा, अबलख, पंचकल्याणी असे शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्द म्हणजे रंगाऱ्यासाठी तयार पाककृती आहे. भीमथडीची तट्टं अंगाने लहान असत. आकृती निवडतानाच ते ध्यानात ठेवलं तर निम्मं काम होतं.

बुलढाणा जिल्हा मी या पुस्तकाच्या मध्यभागी ठेवला तो केवळ आपलेपणाने नाही. पूर्णेचं खोरं आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्या मधल्या या पट्ट्यातून उत्तर-दक्षिण फौजा शतकानुशतकं गेल्या. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडजवळ पंधराव्या आणि सोळाव्या शतकात एकेक मोठी लढाई झाली. सिंदखेड राजा हे लखुजी जाधवरावांचं ठाणं, जिजाऊंचं जन्मस्थान. जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, बुलढाणा शहरापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत असई आहे. तिथं 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली. शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसं मारली किंवा जखमी केली. नंतर 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातलं अडगाव, आणि डिसेंबरात गाविलगड. म्हणजे एका जिल्ह्यात बसून दिवसाच्या प्रवासात चार शतकांच्या रणभूमी पाहता येतात.

असईची लढाई इंग्रज खेळाडू कित्येक वर्षं मांडत आले आहेत. त्यांनी शिंद्यांच्या चाकरीतल्या पोहलमनच्या पलटणी रंगवल्या, शिंद्यांच्या तोफा रंगवल्या. त्यांची मेहनत मोठी आहे. पण त्यांच्यापुढची साधनं बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांची होती. 1809 मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या अधिकाऱ्याचं पुस्तक आणि त्यातली हिंदी चित्रकाराने काढलेली चित्रं सगळे वापरतात. पण मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्यातली भित्तिचित्रं, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या वस्तू, जुन्या वाड्यांतल्या तसबिरी, इथपर्यंत पोचणं आपल्याला सोपं आहे. ही साधनं पाहून रंग ठरवण्याचं काम आपण करायला हवं.

जमिनीचाही प्रश्न आहे. आकृतीच्या तळाला बाजारात मिळणारी हिरवी गवताची पूड लावली की लढाई युरोपात गेली. आपल्या जिल्ह्यात घाटाखाली कपाशीची काळी भेगाळलेली जमीन आहे आणि घाटावर मुरमाड, फिकी. रणभूमीच्या गावाजवळची चिमूटभर माती वाळवून, चाळून, फेविकॉलवर भुरभुरून लावावी. तिच्याहून खरा रंग डबीत मिळत नाही.

वाहनं हा वेगळा अभ्यास आहे. अठराव्या शतकात वाहन म्हणजे तोफगाडा आणि तो ओढणारे बैल. इथं लाकूड जुनं, राखाडी पडलेलं दाखवायचं आणि लोखंडी पट्ट्यांवर गंज चढवायचा. विसाव्या शतकात रणगाडे येतात. त्यांच्या मोठ्या सपाट पत्र्यांवर माणसांसाठीची पद्धत चालत नाही. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हरलिंडेन यांनी वॉश आणि ड्रायब्रशची रीत रणगाड्यांवर रूढ केली. पुढे मिग हिमेनेझ यांच्यासारख्या स्पॅनिश कारागिरांनी तैलरंगांचे पातळ थर, रंगाचे टवके आणि चिखलाचे थर यांचं शास्त्रच केलं. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, त्यावर वरचा रंग द्यायचा आणि ओल्या ब्रशने तो उडवायचा, ही त्यातली सगळ्यांना आवडणारी युक्ती. मराठी माणसाला खरा रणगाडा पाहायचा तर अहिल्यानगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. सेंच्युरियन, विजयंता, 1965 च्या युद्धातला पॅटन तिथं हाताच्या अंतरावर दिसतात. रणगाड्याचा हिरवा रंग उन्हात किती फिका पडतो हे तिथं एकदा पाहिलं की डबीतला गडद हिरवा कुणी सरळ लावणार नाही.

हे आत्ताच का? तीन कारणं मला दिसतात. पहिलं, परदेशी आकृत्या आयात करणं महाग पडतं, पण रेझिनचे थ्रीडी प्रिंटर आता आपल्याकडेही आले आहेत आणि मराठा स्वार संगणकावर घडवून गावातच छापता येतो. (कच्चं रेझिन अंगाला लागू देऊ नये, हातमोजे आणि मास्क वापरावेत, खिडकी उघडी ठेवावी.) साधे रंगही इथंच आहेत. दांडेकरांनी 1931 मध्ये सुरू केलेली कॅमलिन मराठी घरांत आहे आणि तिचे ॲक्रिलिक रंग शिकणाऱ्याला पुरेसे आहेत. मे महिन्यात आपल्याकडे ते ताटलीतच वाळतात, म्हणून ओल्या स्पंजावर बटरपेपर ठेवून त्यावर रंग घ्यावा. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नये, दमटपणाने त्यावर पांढुरकी झाक येते. दुसरं कारण, जुलै 2025 मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. किल्ल्यांकडे लोकांची नजर वळली आहे, ती मैदानातल्या लढायांकडेही वळावी. तिसरं कारण मुलांचं. दोन तास एका पागोट्याच्या पेचावर नजर लावून बसणं ही आज दुर्मीळ गोष्ट झाली आहे, आणि हा छंद ती सवय लावतो.

या पुस्तकात एक मर्यादा मी आपणहून घातली आहे. शिवाजी महाराजांची आकृती फाशांच्या खेळात मोजायची नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर ते जसे सिंहासनावर वर बसतात, तसेच ते टेबलाबाहेर राहतील. हा नियम कुणावर लादलेला नाही, पण माझ्या वाचकांपैकी बहुतेकांच्या मनाला तो रुचेल असं मला वाटतं.

बाकी पुस्तकाचा हेतू साधा आहे. ज्याने कधी आकृती रंगवली नाही त्याला पहिले दहा मावळे पूर्ण करता यावेत, ज्याने शंभर रंगवले आहेत त्याला साखरखेर्डा आणि असई या दोन लढायांच्या फौजा पुराव्यानिशी उभ्या करता याव्यात, आणि जिथं पुरावा नाही तिथं अंदाज कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसावं. प्रत्येक रंगाशेजारी तो चित्रातून घेतला, वस्तूवरून घेतला की तर्काने ठरवला, याची खूण केली आहे.

एक विनंती आहे. जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या अनेक घरांत जुनी पागोटी, शेले, अंगरखे, ढालींची अस्तरं, निशाणांचे तुकडे अजून ट्रंकेत असतील. ती धुऊ नका, उन्हात वाळत घालू नका. दिवसाच्या उजेडात, सावलीत, शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून त्यांचे फोटो काढा. घडीच्या आतल्या बाजूचाही फोटो काढा, कारण मूळ रंग तिथंच टिकलेला असतो. वस्तू कुणाची, कुठल्या गावची, घरात कधीपासून आहे, हे आजीआजोबांना विचारून फोटोसोबत लिहून ठेवा.